मनाई आणि अटकाव



सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरग्याजवळ किंवा नळदुर्गजवळ एखादे वाहन पकडले गेले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातला मथळा ठरलेला असतो : ‘प्रतिबंधित गुटखा जप्त’. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२पासून बंदी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ३०प्रमाणे अन्न सुरक्षा आयुक्तांना अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी घालता येते, म्हणून ती पुन्हा पुन्हा अधिसूचना काढून चालू ठेवावी लागते. बंदी चालू आहे आणि जप्तीही चालू आहे. या मथळ्यातल्या पहिल्या शब्दाकडे मला आज आपले लक्ष वेधायचे आहे. ज्या मालाला खरोखर प्रतिबंध झाला असता, तो नाक्यावर सापडलाच नसता. त्याला मनाई होती, अटकाव झालेला नव्हता. इंग्रजी कायद्यात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत, ‘प्रोहिबिट’ आणि ‘प्रिव्हेंट’. आपल्या शासकीय मराठीने बहुतेक वेळा दोन्हींवर ‘प्रतिबंध’ हे एकच नाव ठोकून दिले. माझे म्हणणे असे आहे की यात केवळ शब्दाची गल्लत झालेली नाही. कायदा पाळण्याचे ओझे कोणावर आहे आणि एखादी गोष्ट घडू न देण्याचे ओझे कोणावर आहे, हा भेदच या गल्लतीमुळे आपल्या नजरेआड झाला आहे, आणि त्याची किंमत धाराशिव जिल्ह्यात शाळकरी मुली मोजत आहेत.

आधी ही दोन क्रियापदे वेगळी कशी ते पाहू. मनाई करायला अधिकार लागतो. संसद, न्यायालय, जिल्हाधिकारी, संस्थेचा प्रमुख, घरातले वडीलधारे, ज्याचा शब्द दुसऱ्यावर बंधनकारक असतो तोच मनाई करू शकतो. अटकाव करायला अधिकाराची गरज नसते, सामर्थ्याची असते. अवकाळी पाऊस ज्वारीची मळणी होऊ देत नाही, कुंपण जनावराला पिकात शिरू देत नाही, लस गोवर होऊ देत नाही. पावसाने मळणीला मनाई केली असे कोणी म्हणणार नाही. दुसरा फरक असा की मनाई नेहमी माणसाला उद्देशून असते, ऐकू शकणाऱ्या आणि ऐकूनही न ऐकण्याचे ठरवू शकणाऱ्या माणसाला. अटकाव असतो तो घटनेला. म्हणून साथीला, दुष्काळाला, भूकंपाला मनाई करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे उमरगा आणि लोहारा भागात जो भूकंप झाला तसा पुन्हा होऊ नये असा अध्यादेश कोणी काढू शकत नाही. मात्र पुढच्या धक्क्यात दगडमातीच्या भिंतींखाली माणसे दबू नयेत म्हणून घरे वेगळ्या पद्धतीने बांधता येतात. तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मनाई मोडली तरी ती मनाईच राहते. ‘मनाई असूनही त्यांनी केले’ हे वाक्य सरळ आहे. ‘अटकाव झाला असूनही ते घडले’ हे वाक्य मात्र स्वतःलाच खोडून काढते. घडले असेल तर अटकाव झालाच नाही. मनाई शब्दाने पुरी होते, अटकाव फळानेच पुरा होतो.

आता आपल्या कायद्यांची मराठी नावे घ्या. १९४९च्या मुंबई कायद्याच्या नावात इंग्रजीत ‘प्रोहिबिशन’ आहे, मराठीत तो दारूबंदी कायदा झाला. हे ठीक आहे. पण १९४७च्या धारण जमिनींच्या कायद्यात इंग्रजी शब्द ‘प्रिव्हेन्शन’ आहे आणि लोकांच्या तोंडी तो तुकडेबंदी कायदा आहे. १९६१च्या हुंड्याच्या कायद्यात ‘प्रोहिबिशन’ आहे, आपण त्याला हुंडा प्रतिबंधक कायदा म्हणतो. १९८९च्या अनुसूचित जाती-जमातींच्या कायद्यात ‘प्रिव्हेन्शन’ आहे, तोही अत्याचार प्रतिबंधक कायदाच. म्हणजे एका मराठी शब्दाखाली दोन भिन्न कृती राहतात आणि एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी नावे पडतात. कायदे करणाऱ्यांना मात्र फरक ठाऊक होता, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच शीर्षकांत आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा केंद्रीय कायदा कंसात तीन शब्द लिहितो : प्रतिबंध, मनाई व निवारण. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या नावातही प्रतिबंध आणि बंदी शेजारीशेजारी आहेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर संसदेने आणि विधिमंडळाने एका ओळीत दोन शब्द वाया घालवले नसते. याहून बोलके उदाहरण गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचे. १९८८मध्ये महाराष्ट्राने या विषयावर देशातला पहिला कायदा केला. १९९४च्या केंद्रीय कायद्याच्या नावात तंत्राच्या ‘गैरवापराचा प्रतिबंध’ होता. २००३मध्ये सुधारणा लागू झाली तेव्हा संसदेने ते शब्द काढून ‘लिंगनिवडीस मनाई’ अशा अर्थाचे शब्द घातले. संसदेने जाणूनबुजून एक क्रियापद काढून दुसरे बसवले. मराठीत मात्र हा बदल उमटलाच नाही. आधीही तो प्रतिबंधक कायदा होता, नंतरही प्रतिबंधक कायदाच राहिला.

या फरकाने प्रत्यक्षात काय बदलते, ते अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यांच्या वाटचालीत सर्वांत स्वच्छ दिसते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण निषिद्ध ठरवले. इंग्रजी संहितेत तिथे ‘फॉरबिड’ आहे, मनाईच्याच घरातला पण अधिक कडक आणि जुना शब्द. १९५५मध्ये या निषेधाला शिक्षेचे हात मिळाले. तो कायदा १९७६मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. या साऱ्या काळात कायद्याचे बोट अत्याचार करणाऱ्याकडे होते : हे करू नकोस, केलेस तर शिक्षा होईल. चार दशकांच्या अनुभवानंतर १९८९मध्ये संसदेने ‘प्रिव्हेन्शन’ हा शब्द शीर्षकात आणला, आणि त्याबरोबर कायद्याचे तोंडही वळले. कलम १७ने अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात आधीच पावले उचलण्याचा अधिकार प्रशासनाला आणि पोलिसांना दिला. १९९५च्या नियमांनी असे भाग ओळखून ठेवण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली. आणि कलम ४ने त्या समाजांबाहेरच्या लोकसेवकाने या कायद्याखालचे आपले कर्तव्य जाणीवपूर्वक टाळले तर त्यालाच तुरुंगवासाची तरतूद केली. प्रतिबंधाचा खरा अर्थ तिथे आहे. मनाईच्या कायद्यात चुकणारा एकच असतो, तो म्हणजे मनाई मोडणारा. प्रतिबंधाच्या कायद्यात दोघे चुकू शकतात, आणि दुसरा सरकारी खुर्चीत बसलेला असतो. या कायद्याची अंमलबजावणी आदर्श झाली असे मी म्हणत नाही. पण गावात अत्याचार घडल्यावर ‘तुम्हांला हे आधी कळायला हवे होते’ असे जिल्हा प्रशासनाला विचारण्याचा आधार याच शब्दाने दिला.

बालविवाहाचा कायदा याच कसोटीवर लावून पाहावा असा आहे, आणि त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. हरबिलास सारडा यांनी मांडलेला १९२९चा कायदा इंग्रजीत ‘रिस्ट्रेंट’ म्हणवत होता. आवर घालणे, रोखून धरणे असा त्याचा भाव. पण नावात आवर असला तरी पोटात साधी मनाईच होती, आणि तीही दुबळी. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. त्याआधी लग्न लावले तर शिक्षा होणार, पण लागलेले लग्न कायदेशीर राहणार. तक्रार करणाऱ्याने आधी शंभर रुपयांपर्यंतचे बंधपत्र लिहून द्यावे, असेही त्या कायद्यात होते. म्हणजे गुन्हा कळवणाऱ्यालाच जामीन राहायला लावणारी व्यवस्था. कायदा १ एप्रिल १९३०पासून अमलात येणार होता. मधल्या काही महिन्यांत, मनाई सुरू होण्याआधी उरकून घ्यावे म्हणून, देशभर लहान मुलांच्या लग्नांची लाट आली. १९३१च्या जनगणनेत विवाहित मुलांचा आकडा त्यामुळे फुगला, याची नोंद जनगणनेच्या अहवालाने घेतली आहे. ज्या कायद्याने बालविवाह कमी व्हायचे, त्याच्या चाहुलीनेच ते वाढले. मनाई आणि अटकाव यांतले अंतर यापेक्षा ठळकपणे दाखवणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, त्यामुळे इथल्या मुलींना ती दुबळी मनाईसुद्धा लाभली नाही. १९३८च्या दुरुस्तीने न्यायालयाला लग्नाआधीच मनाईहुकूम काढण्याचा अधिकार दिला, तेव्हा अटकावाचे पहिले बी कायद्यात पडले. १९७८मध्ये वये अठरा आणि एकवीस झाली.

२००६चा कायदा १ नोव्हेंबर २००७पासून लागू झाला. त्याच्या इंग्रजी नावात ‘प्रोहिबिशन’ आहे. पण कलमे वाचत गेले की एक गंभीर गुंता समोर येतो. कलम १६प्रमाणे नेमायचा अधिकारी इंग्रजीत ‘प्रोहिबिशन ऑफिसर’ आहे, आणि त्याच कलमात त्याचे पहिले कर्तव्य सांगितले आहे ते ‘प्रिव्हेंट’ करण्याचे : योग्य वाटेल ती कारवाई करून बालविवाह लागू न देणे. नाव मनाईचे, काम अटकावाचे. कलम १३ अक्षय्य तृतीयेसारख्या दिवसांचा नावानिशी उल्लेख करते आणि त्या दिवशी सामुदायिक बालविवाह होऊ नयेत म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यालाच हा अधिकारी मानते. न्यायालयाचा मनाईहुकूम डावलून लग्न लावले तर कलम १४प्रमाणे ते मुळातच शून्य ठरते. एरवीचे बहुतेक बालविवाह मात्र आपोआप शून्य होत नाहीत. लहान असलेल्या जोडीदाराने न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यावे लागते. महाराष्ट्रात गावपातळीवर हा अधिकार ग्रामसेवकाकडे आहे आणि मराठीत त्याला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणतात. इथे मराठी नाव इंग्रजीपेक्षा खरे आहे, हे मान्य केले पाहिजे. दुर्दैव एवढेच की नाव खरे असूनही आपण त्याच्याकडून हिशेब मागतो तो मनाईचा. आणि मूळ कायद्यात, अत्याचारांच्या कायद्यातल्या कलम ४सारखी, कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा करणारी तरतूद नाही. सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे कलम आहे. न केलेल्या कृतीबद्दल कलम गप्प आहे. हुंड्याच्या कायद्यातही हुंडा घेतला जाऊ नये म्हणून ‘शक्य तेवढा’ प्रतिबंध करणे एवढेच अधिकाऱ्याकडे मागितले आहे. शक्य तेवढा या दोन शब्दांत सारी जबाबदारी विरघळते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालात, याच मुद्द्यावर बोट ठेवले. शिक्षा हा शेवटचा मार्ग असावा, भर आधी रोखण्यावर आणि मुलींच्या संरक्षणावर असावा, आणि या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत दुसरी कामे गळ्यात नसलेले अधिकारी नेमावेत, असे त्या निकालाचे सूत्र आहे. म्हणजे नावातली मनाई कायम ठेवून कामातला अटकाव पुढे आणा, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला सांगावे लागले.

अटकाव करायचा म्हणजे काय करायचे, हे या जिल्ह्याच्या जमिनीवर पाहिले पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरावे वर्ष पुरे होण्याआधी झालेले आढळले. आपल्या शेजारच्या बीडमध्ये आणि त्यापलीकडच्या परभणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. हा अवर्षणाचा पट्टा आहे. कळंब, भूम, वाशी, परंडा या बाजूंनी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबे निघतात. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अविवाहित मुलाच्या हाती अर्धा कोयता असतो; लग्न झाले की तो पुरा होतो आणि उचलही वाढते. मुलगी मागे ठेवावी तर घरी कोण, सोबत न्यावी तर फडावर तिची राखण कोण करणार, हा आई-बापांपुढचा प्रश्न खरा आहे, आणि अनेक घरांत त्याचे उत्तर लग्नात शोधले जाते. या घराला कायद्याची मनाई माहीत नसते असे नाही. पत्रिका न छापता, मुहूर्त पहाटेचा धरून, दुसऱ्या गावच्या शेतात उरकलेली लग्ने मनाई माहीत असल्याचाच पुरावा देतात. मांडवात जाऊन एक लग्न थांबवले, वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतले, मुलीला बालकल्याण समितीसमोर उभे केले, तरी महिनाभराने तेच लग्न सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे लागू शकते. मग अटकाव झाला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तो होतो तो हंगामी वसतिगृहात, जिथे आई-बाप फडावर असताना मुलीला जेवण, अंथरूण आणि सुरक्षित छप्पर मिळते. तो होतो एसटीच्या मोफत पासात, पण पासाबरोबर शाळेच्या वेळेला बसही आली तरच. तो होतो आठवीनंतर चालत जाता येईल अशा अंतरावर वर्ग असल्याने. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१मध्ये आली, ती समाजकल्याणाची योजना म्हणून ओळखली जाते. माझ्या मते बालविवाहाच्या कायद्याचे खरे प्रतिबंधक कलम तेच आहे, आणि त्याची अंमलबजावणी त्याच नजरेने तपासली गेली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शिक्षेची भीती हाच अटकाव आहे, मनाई कडक केली की प्रतिबंध आपोआप होतो. या म्हणण्यात तथ्य आहे आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. आपले जिल्हाधिकारी सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात ज्या कलमाखाली मनाईआदेश काढतात, त्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चे शीर्षकच असे आहे की अव्यवस्थेच्या प्रतिबंधासाठी काही कृत्यांना मनाई करण्याचा अधिकार. मनाई साधन आणि प्रतिबंध साध्य, हे नाते एका ओळीत तिथे मांडलेले आहे. काठ्या, तलवारी, दगडांचा साठा यांवर मनाई. हेतू असा की दंगल होऊ नये. पण या साधनाला धार असते ती मनाई मोडणारा वेगळा आणि इतरांच्या नजरेतला असतो तेव्हा. बालविवाहात मोडणारा कोण असतो? २००६चा कायदा सज्ञान नवऱ्यामुलाला, लग्न लावणाऱ्याला, आई-बापांना आणि लग्नात सहभागी झालेल्यांनाही आरोपी करतो, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतो. म्हणजे अख्खा मांडव आरोपी. जिथे पाहणारा प्रत्येकजण सामील असतो तिथे शिक्षा जितकी कडक, तितकी सगळ्यांची तोंडे घट्ट मिटतात. कडक मनाईने अशा ठिकाणी गोष्ट थांबण्याऐवजी लपते. शिवाय मनाईचे यश मोजता येते, अटकावाचे येत नाही. दाखल गुन्हे, जप्त पोती, ठोठावलेला दंड, हे अहवालाच्या रकान्यात बसते. न झालेले लग्न, न खाल्लेला गुटखा रकान्यात बसत नाही. म्हणून यंत्रणा नकळत जे मोजता येते त्याच्या मागे जाते. जप्तीची रक्कम दर वर्षी वाढली तर ते यश की अपयश, याचे उत्तर आपण कोणते क्रियापद मनात धरतो यावर अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि मराठवाड्यात तो हलक्याने घेता येणार नाही. सरकारच्या हाती अटकाव दिला की स्वातंत्र्य जाते. मनाई करणारे राज्य नागरिकाला निदान निवड ठेवते : मोड आणि परिणाम भोग. अटकाव करणारे राज्य ती निवडच काढून घेते. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचे परिपत्रक होते. त्यानुसार जाहीर सभेला आधी परवानगी लागे. वक्ता काय बोलला म्हणून शिक्षा ही पुढची गोष्ट. तो बोलूच नये याची तजवीज आधी. याउलट १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा ती बंदी उघडपणे मोडून सत्याग्रही तुरुंगात गेले. त्याच वर्षी त्या राज्यात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याला मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, त्यांना काढून टाकले आणि त्यांतले कितीतरी नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ज्यांनी काम केले ते स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते होते, आणि त्यांच्या राजकारणाचा पायाच हा होता की अन्याय्य मनाई जाहीरपणे मोडता येते. सत्याग्रहाला मनाई लागते, अटकावात त्याला जागा उरत नाही. स्वतंत्र भारतातही प्रतिबंधक स्थानबद्धता संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने मान्य केली आहे, आणि गुन्हा घडण्याआधीच माणसाला आत टाकणाऱ्या या अधिकाराबद्दल सावध राहणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. म्हणून प्रतिबंध चांगला आणि मनाई वाईट असे मी म्हणत नाही. उलट हा आक्षेपच माझे म्हणणे सिद्ध करतो : दोन्हींचे धोके वेगळे, म्हणून दोन्हींची नावे वेगळी हवीत. भाषण, सभा, लेखन यांच्या बाबतीत राज्याने फार तर मनाई करावी आणि ती न्यायालयात टिकवून दाखवावी. आधीच गळा दाबू नये. पण जिथे नुकसान भरून निघत नाही आणि ते सोसणाऱ्याला नाही म्हणण्याची ताकदच नसते, तिथे नुसती मनाई करून हात झटकणे हा राज्याचा पळपुटेपणा आहे. चौदा वर्षांच्या मुलीला ‘आधी सोस, मग न्यायालयात जाऊन रद्द करून घे’ असे सांगणारा कायदा न्याय करत नाही.

अटकावाचा अधिकार मनाईतून आपसूक निघत नाही, तो वेगळा द्यावा लागतो, हे जमिनीच्या एका वादात दिसले. तुकडेबंदीच्या कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडणाऱ्या व्यवहाराला मनाई केली आहे आणि असा व्यवहार शून्य मानला आहे. १२ जुलै २०२१च्या परिपत्रकाने दुय्यम निबंधकांना सांगण्यात आले की असे दस्त नोंदवूच नका. म्हणजे मनाईचे रूपांतर अटकावात करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक रद्द केले. तुकडेबंदीचे धोरण योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण एखादी गोष्ट निषिद्ध आहे एवढ्यावरून कोणत्याही खिडकीवरच्या अधिकाऱ्याला ती अडवण्याची मुभा मिळत नाही, हे तत्त्व शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा. मराठीत असे बारीक भेद करायला शब्द कुठे आहेत, असे विचारले जाते. हा आक्षेप मला मान्य नाही. बोलल्या जाणाऱ्या मराठीत हा भेद लहान पोरालाही येतो. ‘जाऊ नको म्हटलं होतं’ आणि ‘जाऊ दिलं नाही’ यांत आपण कधी घोटाळा करत नाही. मनाई, बंदी, मज्जाव, निषेध एका बाजूला. अटकाव, पायबंद, आळा, रोखणे, होऊ न देणे दुसऱ्या बाजूला. साथीचा अटकाव म्हणतो, साथीची मनाई म्हणत नाही. प्रतिबंधक लस म्हणतो तेव्हा प्रतिबंध हा शब्दही आपल्या योग्य जागी असतो. तो बिघडतो तो कचेरीत, ‘प्रतिबंधित क्षेत्र’, ‘प्रतिबंधित पदार्थ’ अशा ठिकाणी मनाईच्या जागी बसवला जातो तेव्हा. संदर्भावरून कळते, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. वकिलाला कळते. पण ग्रामसभेत बसलेल्या आईला, नव्याने रुजू झालेल्या ग्रामसेवकाला, अंगणवाडी सेविकेला कायदा भेटतो तो मराठी शीर्षकातूनच.

या सभागृहात शासकीय मराठी लिहिणारे काही जण असतील. त्यांना विनंती अशी की आदेश लिहिताना मनाईला मनाई म्हणा आणि प्रतिबंध हा शब्द जिथे काही रोखून दाखवायचे आहे तिथेच राखून ठेवा. बाकी आपण सारे कुठल्या ना कुठल्या ग्रामसभेचे किंवा प्रभागाचे सदस्य आहोत. २६ जानेवारीची ग्रामसभा उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या आधी येते. त्या दिवशी आपल्या गावच्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला किती गुन्हे दाखल झाले हे विचारू नका. गेल्या वर्षी आठवीत, नववीत, दहावीत असलेल्या गावच्या प्रत्येक मुलीचे नाव घेऊन ती आज कोणत्या वर्गात आहे हे विचारा, ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुली कोणत्या वसतिगृहात आहेत हे विचारा, आणि मिळालेली उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.